परक्या गावची पेढी : फुटबॉल क्लबांचे नवे धनी आणि त्यांचा खर्च

यंदाच्या स्मरणिकेकरिता आमच्याकडे लेख मागण्यात आला, तेव्हा कडधान्यांच्या साठवणुकीविषयी आम्ही चार शब्द लिहावे अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. परंतु मध्यंतरी एक निराळाच विषय आमच्या डोक्यात शिरून बसला आहे, आणि तो बाहेर काढल्यावाचून डाळीकडे वळणे आम्हांस शक्य दिसत नाही.

गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत मंडळाच्या काही तरुण सभासदांनी असा विचार मांडला की, आपल्या शहरातील एक जुना फुटबॉल क्लब कर्जात रुतला आहे; तो आपण सात-आठ जणांनी मिळून घ्यावा, बाहेरून चांगले खेळाडू आणावे आणि गणवेशावर आपल्या पेढ्यांची नावे घालावी. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी यास पैशाचा नाश म्हटले, काहींनी जाहिरात म्हणून बरे आहे असे म्हटले. आम्हांस विचारले तेव्हा, अभ्यास करून सांगतो, एवढेच आम्ही म्हणालो. आम्ही भुसार मालाचे घाऊक व्यापारी; चेंडू दोन खांबांच्या मधून गेला पाहिजे, यापलीकडे त्या खेळातील आम्हांस काही कळत नव्हते. खेळातले शब्द नातवाने समजावून दिले. जमाखर्च समजण्यास मात्र कोणाची मदत लागली नाही, कारण तोटा ही वस्तू सर्व धंद्यांत एकाच शाईने लिहिली जाते.

प्रथम प्रश्न असा की, क्लब विकत घेणारा नेमके काय विकत घेतो? आपल्यापैकी कोणी एखादी चालती पेढी घेतो तेव्हा गाळा, माल, येणे, देणे आणि नाव अशा पाच गोष्टी त्याच्या हाती येतात. क्लबातही गाळा म्हणजे क्रीडांगण असते (तेही पुष्कळदा भाड्याचे), माल म्हणजे खेळाडूंचे करार, आणि देणे तर बहुधा असतेच. फरक आहे तो गिऱ्हाइकात. आमच्याकडे ज्वारीच्या पोत्यामागे दहा रुपये अधिक पडले की वीस वर्षांचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन उभे राहते. फुटबॉल क्लबाचे गिऱ्हाईक तसे जात नाही. माल वाईट, भाव चढा, दुकानदार उर्मट, तरीही ते त्याच दारात उभे असते; आजोबा उभे होते म्हणून बाप, आणि बाप होता म्हणून मुलगा. असे गिऱ्हाईक जगातील कोणत्याही व्यापाऱ्यास मिळत नाही. म्हणूनच पैसेवाल्यांस त्याचा मोह पडतो, आणि म्हणूनच त्या गिऱ्हाइकाचा घात करणे अत्यंत सोपे असते.

आता उदाहरणाकडे येऊ. इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे शहर आहे. आपल्या पणजोबांच्या अंगावरचे धोतर पुष्कळदा त्या भागातील मागांवर विणलेले असे. पुढे स्वदेशीच्या चळवळीचा तेथील गिरण्यांस फटका बसला, आणि १९३१ साली गोलमेज परिषदेकरिता विलायतेस गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नलगतच्या डार्वेन येथे जाऊन गिरणी कामगारांस मुद्दाम भेटले, ही हकीकत जुन्या वाचकांस ठाऊक असेल. या ब्लॅकबर्नमध्ये १८७५ साली ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स’ हा क्लब निघाला. १८८८ साली इंग्लंडची साखळी स्पर्धा ज्या बारा क्लबांनी सुरू केली त्यांपैकी तो एक होय. १९१२ व १९१४ साली त्याने ती जिंकली. नंतर कापूस गेला, वैभव गेले, आणि १९९० च्या सुमारास हा क्लब दुसऱ्या श्रेणीत कसाबसा दिवस काढीत होता.

त्या वेळी जॅक वॉकर हा गृहस्थ पुढे आला. तो त्याच शहरचा. वडिलांचा पत्र्याचा लहानसा धंदा त्याने भावाच्या जोडीने पोलादाच्या मोठ्या व्यापारापर्यंत नेला आणि अखेर सुमारे ३३ कोटी पौंडांस ब्रिटिश स्टील कंपनीस विकला. १९९१ च्या आरंभी त्याने क्लबाचा ताबा घेतला. त्याच वर्षी केनी डॅल्ग्लिश या नामांकित व्यवस्थापकास आणले. १९९२ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत चढला. ॲलन शियरर या तरुण खेळाडूसाठी तीस लाखांहून अधिक पौंड मोजले गेले, १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५० लाख. त्या त्या वेळी ते ब्रिटनमधील विक्रमच होते. १४ मे १९९५ रोजी शेवटचा सामना लिव्हरपूल येथे हरूनही, पाठलाग करणारा मँचेस्टर युनायटेड संघ दुसरीकडे बरोबरीत अडकल्यामुळे, ब्लॅकबर्न एका गुणाने विजेते ठरले. १९१४ नंतर प्रथमच.

वर्तमानपत्रांनी यास चेकबुकाचा विजय म्हटले. ते अगदीच खोटे नव्हते. परंतु आम्ही खर्चाची बाजू पाहू लागलो तेव्हा असे दिसले की, वॉकर यांच्या पैशाच्या दोन वाटा होत्या. एक वाट खेळाडूंकडे गेली. दुसरीने ईवूड पार्क या जुन्या क्रीडांगणाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या गेल्या, आणि शहराबाहेर ब्रॉकहॉल येथे तरुण खेळाडूंच्या शिक्षणाची व सरावाची उत्तम जागा उभी राहिली. पहिल्या वाटेने गेलेल्या पैशाचे आयुष्य किती, हे लवकरच कळले. डॅल्ग्लिश यांनी व्यवस्थापकपद सोडले; १९९६ मध्ये शियरर दीड कोटी पौंडांस न्यूकॅसलकडे गेला; आणि विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९९९ मध्ये, क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत पडला. दुसऱ्या वाटेचा पैसा मात्र जागच्या जागी होता. वॉकर २००० साली वारले. २००१ मध्ये क्लब पुन्हा वर आला, २००२ मध्ये त्याने लीग कप जिंकला, आणि पुढे दहा वर्षे पहिल्या श्रेणीत टिकला. तीस हजारांवर माणसे बसतील असे क्रीडांगण एक लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात अजूनही उभे आहे.

भुसार व्यापाऱ्यास हा भेद समजावा लागत नाही. खाण्याचे धान्य व बियाणे ही दोन्ही एकाच पोत्यातून निघतात, पण एकाची भाकरी होते आणि दुसऱ्याचे पीक. भाकरी नको असे नाही. संघ हरतच राहिला तर क्रीडांगण कितीही सुंदर असून उपयोग काय? तथापि ज्या घरात बियाण्याच्या पोत्याला हात लागतो त्या घराची गोष्ट पुढच्या मृगात सर्वांस कळते.

वॉकर यांच्या पश्चात क्लब त्यांच्या विश्वस्तांकडे होता, व विश्वस्तांस तो पुढे चालवावयाचा नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांस तो विकला गेला, आणि घेणारे आपल्या पुण्याचे निघाले. वेंकीज, म्हणजे व्यंकटेश्वरा हॅचरीज हा कुक्कुटपालन उद्योगातील समूह. (त्या व्यवसायाबद्दल आम्हां अहिंसाधर्मीयांचे मत काय, हे वाचकांस सांगावयास नको, येथे प्रश्न हिशेबाचा आहे.) महाराष्ट्रातील उद्योगपतींनी इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील क्लब घ्यावा, धोतरे पाठविणाऱ्या गावाची पेढी पुणेकरांनी चालवावी, याचा त्या वेळी पुष्कळांस अभिमान वाटला. आम्हांसही वाटला, हे कबूल करतो.

पुढे काय झाले? ताबा मिळून महिना होतो न होतो तोच, १३ डिसेंबर २०१० रोजी, सॅम अलार्डाइस या अनुभवी व्यवस्थापकास काढून टाकण्यात आले. संघ त्या वेळी तेरावा होता; उत्तम नव्हे, परंतु घर जळत नव्हते. त्यांच्या जागी हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांस बसविले. ब्राझीलचा रोनाल्डिन्हो येणार अशा वार्ता सुरू झाल्या. तो आला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये क्लबाचा अनेक वर्षांचा अध्यक्ष जॉन विल्यम्स निघून गेला. संघ २०११ मध्ये कसाबसा वाचला, २०१२ च्या मे महिन्यात मात्र खाली पडला. त्या शेवटच्या घरच्या सामन्यात प्रेक्षकांपैकी कोणी तरी क्लबाच्या निशाणाचे वस्त्र गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. बिचाऱ्या मुक्या प्राण्याचा त्यात काय अपराध! त्यानंतरच्या एका हंगामात हेनिंग बर्ग हे व्यवस्थापक ५७ दिवस टिकले आणि मायकेल ॲपल्टन ६७ दिवस. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतला.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या मालकांनी हात आखडता घेतला असे कोणास म्हणता येणार नाही. खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम त्यांनी वर्षानुवर्षे त्या क्लबात घातली. तोटा दिसताच पळ काढणाऱ्या मालकांची इंग्लंडात वाण नाही. हे पळाले नाहीत. २०२३ नंतर भारतातून पैसा पाठविण्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, तेव्हाही त्यांनी क्लब सोडला नाही. मग चुकले कोठे? आमच्या मते पैसा कमी पडला नाही. पैशाच्या आधी जे खर्चावयास हवे होते ते खर्चिले गेले नाही, आणि ते म्हणजे वेळ. नव्या धन्याने पहिले सहा महिने तरी दुकानात स्टूल टाकून बसावे, कोण येतो, कोण जातो, माप कोण करतो, उधारी कोणाची चोख आहे, हे पाहावे. पुण्याहून ब्लॅकबर्नचे अंतर मोठे. खेळाडूंच्या दलालीशी संबंध असलेल्या मंडळींचा सल्ला मालकांनी घेतला, अशी टीका तेथे त्या काळात फार झाली. अडत्या हा वाईट मनुष्य असतो असे आम्ही म्हणणार नाही, आम्ही स्वतः अडत केली आहे. परंतु अडत मालाच्या उलाढालीवर मिळते, मालकाच्या नफ्यावर नव्हे. ज्याचे पोट सौद्यांच्या संख्येवर आहे त्यास ‘सौदा करू काय?’ असे विचारणे व्यर्थ आहे.

वरील हकीकत वाचताना आम्हांस आमचाच एक प्रसंग आठवला. तीस वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या तालुक्यातील एक अडत दुकान घेतले. तेथे एक वृद्ध मुनीम होता. त्याचा पगार कामाच्या मानाने अधिक आहे असे आमच्या तरुण डोळ्यांस दिसले, आणि पहिल्याच पाडव्यास आम्ही त्यास नारळ दिला. त्याच्या जागी निम्म्या पगारात चलाख मुलगा ठेवला. त्या म्हाताऱ्यास ठाऊक होते की, अमुक शेतकऱ्यास पट्टीची रक्कम बाजारच्याच दिवशी सूर्यास्ताच्या आत हवी, तमुकास ती मुलीच्या लग्नापर्यंत आपल्याकडेच राहिलेली हवी, आणि एका घराशी बोलताना थोरल्या भावाचे नाव काढावयाचे नाही. हे सारे कोणत्याही खतावणीत नव्हते. दोन सुगींत निम्मे शेतकरी दुसऱ्या दारी गेले. ते दुकान आम्ही पुढे तोट्यात विकले. मुनीम कधी भेटला तर हात जोडीत असे, एक शब्द बोलत नसे. त्याचे ते न बोलणे आम्हांस अद्याप सलते.

केवळ पैशाच्या बळावर दुसऱ्या टोकास गेलेले उदाहरण पाहावयाचे तर रशियातील दागेस्तान प्रांताचा अंझी माखाचकाला हा क्लब पाहावा. २०११ च्या आरंभी सुलेमान केरिमोव या धनाढ्याने तो घेतला. रोबेर्तो कार्लोस आला, त्याच वर्षी सॅम्युएल एटो आला, आणि त्याचे वेतन जगातील अत्युच्च वेतनांत गणले जाऊ लागले. हे खेळाडू राहत व सराव करीत मॉस्कोत, आणि सामन्यापुरते विमानाने गावी येत. ऑगस्ट २०१३ मध्ये धन्याचे मन फिरले, खेळाडू विकले गेले, २०१४ मध्ये क्लब खाली पडला, आणि २०२२ मध्ये तो बंदच झाला. पेव भरले होते दुसऱ्याच्या गावात; उघडले तेव्हा गावाच्या वाट्यास वासही आला नाही.

आता जमाखर्चाच्या एका युक्तीकडे वळू. सभासदांनी ती समजून घ्यावी, कारण ती दिसते तितकी निरुपद्रवी नाही. खेळाडू दहा कोटीस घेतला व करार पाच वर्षांचा केला, तर वहीत दर वर्षी दोन कोटीच खर्ची पडतात, यंत्राच्या घसाऱ्याप्रमाणे. म्हणजे करार जितका लांब तितका वार्षिक खर्च कमी दिसतो. लंडनचा चेल्सी क्लब २०२२ मध्ये अमेरिकन भागीदारांनी अडीचशे कोटी पौंडांच्या व्यवहारात घेतला, आणि त्यांनी हीच युक्ती धरली. २०२३ च्या आरंभी एन्झो फर्नांडेझ हा अर्जेंटिनाचा खेळाडू १० कोटी ६८ लाख पौंडांस घेऊन त्याचा करार साडेआठ वर्षांचा केला. पाच वर्षांच्या हिशेबाने वर्षाला २ कोटी १३ लाखांहून अधिक पडले असते. लांब कराराने ते सुमारे सव्वा कोटीवर आले. एवढे खेळाडू आणूनही २०२२-२३ च्या हंगामात चेल्सी बारावे आले. त्याच वर्षी युरोपच्या नियामक संस्थेने, करार कितीही लांब असो, किंमत पाच वर्षांतच खर्ची टाकावी असा दंडक घातला. पुढे २०२५ मध्ये चेल्सीने क्लबांची जागतिक स्पर्धा जिंकली, हेही नमूद केले पाहिजे. पण साडेआठ वर्षे पगार देण्याचे बंधन जिंकले तरी असते व हरले तरी असते. यंत्र गंजले तर भंगारात जाते. माणूस गुडघा धरून बसला तर त्याचे वेतन चालूच राहते.

इंग्लंडात २०१३ पासून पुढे कित्येक वर्षे चाललेला तोट्याचा नियमही पाहण्याजोगा आहे. पहिल्या श्रेणीतील क्लबाने तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा दाखवू नये, अशी मर्यादा त्यात पुढे आली. एव्हर्टन क्लबाने ती ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे १० गुण कापले. अपिलात ते ६ झाले. गंमत अशी की, क्रीडांगण, तरुणांचे शिक्षण, महिलांचा संघ व गावातील लोकसेवा यांवरील खर्च या तोट्यात धरीत नसत. म्हणजे बियाणे करमुक्त आणि भाकरीवर कर! नियम करणारांत कोणी शेतकरी असावा असे आम्हांस वाटले. परंतु लगेच त्याच नियमाची दुसरी बाजू दिसली. घरात वाढविलेला खेळाडू विकला की त्याची खरेदी-किंमत शून्य असल्याने सर्व रक्कम त्याच वर्षी नफा दिसते. न्यूकॅसल क्लब ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने घेतला. त्याच्या तिजोरीस तळ नाही असे म्हणतात, तरी २०२४ च्या उन्हाळ्यात नियमाच्या धाकाने त्यास आपल्याच शाळेतील इलियट अँडरसन हा मुलगा विकावा लागला. ज्या नियमाने बियाणे राखावयाचे, त्यानेच ते बाजारात आणले. तरीही हा क्लब सावधपणे चालला हे खरे. घेतल्याबरोबर त्याने आकाशातले तारे न मागता पडणारा संघ सावरण्यास उपयोगी अशी पाच माणसे घेतली, आणि मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकला. इंग्लंडमधील मोठी स्पर्धा त्याने ७० वर्षांनी जिंकली.

युरोपच्या संस्थेने आणखी एक दंडक क्रमाने आणला: खेळाडू व प्रशिक्षक यांचे वेतन, खरेदीचा घसारा व दलाली मिळून क्लबाच्या मिळकतीच्या शेकडा ७० च्या आत असावे, २०२३ मध्ये ९०, नंतर ८०, २०२५ मध्ये ७०. आपल्या जुन्या श्रावकाचारात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत, एक ठेवीत, एक व्यापारात, एक धर्म व उपभोगात आणि एक आश्रितांच्या पोषणात. शेकडा ७० ही मर्यादा युरोपात फार कडक समजली जाते! परिग्रहाचे परिमाण आधी ठरवावे, मग बाजारात जावे, हा आपल्या बारा व्रतांतील विचार त्यांस नियम करून आणावा लागला, आणि तोही पुष्कळांचे दिवाळे वाजल्यावर.

ज्या मालकाचा खर्च आम्हांस सर्वांत अधिक पसंत पडला त्याचे नाव सांगताना मात्र आमची थोडी पंचाईत होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. तेथील क्लबाचे जुने क्रीडांगण तत्कालीन चालकांनी विकून टाकले. १९९७ पासून दोन वर्षे संघ ‘घरचे’ सामने सुमारे ७० मैलांवरच्या गिलिंगहॅम येथे खेळत होता, आणि नंतर बारा वर्षे धावण्याच्या शर्यतींच्या एका मैदानावर. २००९ मध्ये टोनी ब्लूम याने क्लबाची सूत्रे हाती घेतली. तो त्याच गावचा. आजोबा त्याच क्लबाचे उपाध्यक्ष होते. त्याने प्रथम क्रीडांगण बांधले, ते २०११ मध्ये उघडले. मग सरावाची व शिक्षणाची जागा, ती २०१४ मध्ये. पहिली श्रेणी आली २०१७ मध्ये, म्हणजे पैसा घातल्यापासून आठ वर्षांनी, आणि तोपर्यंत त्याने कोणाच्या नावाने बोटे मोडली नाहीत. खेळाडू पारखण्यास त्याने माणसे व आकडे यांवर खर्च केला. मोइसेस कैसेडो हा इक्वेडोरचा मुलगा २०२१ मध्ये काही लाख पौंडांच्या घरात घेतला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १० कोटी पौंडांस विकला. विकत घेणारा तोच चेल्सी. या क्लबाने २०२३ मध्ये आपल्या इतिहासात प्रथमच युरोपच्या स्पर्धेत प्रवेश मिळविला.

पंचाईत अशी की, हा ब्लूम पैजांच्या धंद्यात श्रीमंत झालेला गृहस्थ आहे. द्यूत म्हणजे सप्तव्यसनांतील पहिले! पोलादवाला चालेल, पण कुक्कुटवाल्याचे चुकले आणि जुगाऱ्याचे बरोबर आले, हे लिहिताना आमची लेखणी अडखळली. नातू म्हणाला, ‘आजोबा, तो जुगारी नाही, तो संभाव्यता मोजतो.’ आम्ही म्हणालो, सर्व जुगारी असेच म्हणतात. परंतु हिशेब चोख असेल तर तो कोणाच्याही वहीतून उतरवून घ्यावा. त्यासाठी त्याच्या धंद्यास नमस्कार करावा लागत नाही.

राहता राहिली नावाची गोष्ट. वेल्समधील कार्डिफ सिटी क्लब शंभर वर्षे निळ्या गणवेशात खेळला. मलेशियाच्या व्हिन्सेंट टॅन या मालकाने २०१२ मध्ये तो लाल केला, कारण पूर्वेकडे लाल रंग शुभ मानतात. पैसाही पुष्कळ घातला. २०१३ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतही गेला. तरी लोकांचे मन जळतच राहिले, आणि जानेवारी २०१५ मध्ये रंग पुन्हा निळा करावा लागला. आपल्या देशातही हेच घडले. १९११ साली अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघास हरविणारा कलकत्त्याचा मोहन बागान क्लब २०२० मध्ये संजीव गोएंका यांच्या संघाशी जोडला गेला, आणि नावाच्या पुढे ‘एटीके’ ही तीन अक्षरे लागली. लोकांनी तीन वर्षे विरोध केला. मार्च २०२३ मध्ये विजेतेपद मिळाल्याच्या दिवशी मालकांनी ती अक्षरे काढल्याचे जाहीर केले. विजयाच्या आनंदाइतकाच त्या घोषणेचा आनंद झाला असे सांगतात. क्लबातील ज्या वस्तूस एक पैसा पडत नाही तीच गिऱ्हाइकास सर्वांत महाग वाटते, म्हणून तिला हात लावताना दहा वेळा विचार करावा. आमच्या तरुण मित्रांच्या योजनेत मात्र तीच पहिल्या कलमात होती.

आपल्याजवळच्या गोव्याचा दाखला दिल्यावाचून हा अभ्यास पुरा होणार नाही, कारण आपले अनेक सभासद पणजी-मडगावचे आहेत. तेथे साळगावकर आणि धेंपो या खाणमालक घराण्यांनी आपापले क्लब चालविले. साळगावकरांचा १९५६ पासूनचा. धेंपोंच्या संघाने राष्ट्रीय साखळी पाच वेळा जिंकली, साळगावकरांनी दोनदा. खेळाडूंस पेढीत नोकरी, घरच्यासारखी वागणूक, आणि मालक स्वतः सामन्यास हजर, अशी ती रीत होती. २०१६ मध्ये देशातील स्पर्धांची रचना बदलू लागली तेव्हा निषेध म्हणून दोन्ही क्लब राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. शेटजींच्या एका सहीने क्लब चालतो, आणि दुसऱ्या सहीने थांबतो. त्यांचा निषेध योग्य होता की नव्हता, हा वाद आम्ही करीत नाही. परंतु मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये असेच थांबले. वॉकर यांच्या विश्वस्तांनी तरी गिऱ्हाईक शोधून क्लब चालता ठेवला. म्हणून मालकाने आपल्या हयातीतच, आपण नसताना वर्षभराचा पगार निघेल एवढी ठेव बाजूला काढून ठेवावी, व तिच्यावर गावातील माणसांची सही असावी, असे आमचे मत झाले आहे. हा खर्च कोणत्याही नव्या धन्याच्या यादीत आम्हांस आढळला नाही.

इतका अभ्यास करून आम्ही एका रविवारी सकाळी त्या तरुण मंडळींस घेऊन संबंधित क्लबाच्या मैदानावर गेलो. पावसाचे पाणी एका अंगास साचलेले होते. तीस-बत्तीस मुले दुसऱ्या अंगास खेळत होती. निम्म्यांच्या पायांत बूट नव्हते. क्लबाचा जुना चिटणीस, वय सत्तरीच्या पुढे, चुन्याची बादली घेऊन रेषा आखीत होता. हा गृहस्थ किती वर्षे हे काम करतो असे विचारले, तर कोणास सांगता येईना. आम्ही तरुणांस म्हणालो, यास काढू नका, यास बसावयास खुर्ची द्या आणि याचे ऐका.

त्यानंतर आम्ही मंडळापुढे लेखी सूचना ठेवली आहे. क्लब विकत घेऊ नये. त्याचे कर्ज किती व कोणाचे याची यादी आधी करावी. पहिल्या वर्षी मैदानाचा निचरा, कुंपण व पाण्याची टाकी एवढेच करावे. शाळकरी मुलांसाठी एका शिक्षित प्रशिक्षकाचा पगार तीन वर्षांकरिता बँकेत वेगळा ठेवावा, आणि तो ठेवल्यावाचून बाहेरचा एकही खेळाडू आणू नये. गणवेशाचा रंग व क्लबाचे नाव आहे तेच राहावे. आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, ‘मग आपले नाव कोठे लागणार?’ आम्ही टाकीवर बोट दाखविले. तेही लावू नये असे एकाचे म्हणणे पडले. या मुद्द्यावर मतभेद असल्याने विषय दशलक्षण पर्वानंतरच्या बैठकीपुढे ठेवला आहे. सभासदांनी आपली मते त्यापूर्वी चिटणिसांकडे लेखी द्यावी.